वडिलांचा व्यवसाय

मासिकाच्या मराठी विभागासाठी "काहीतरी लिही रे" असं सांगायला आमचे विद्यार्थी संपादक तीन वेळा रूमवर येऊन गेले. तिन्ही वेळा मी सबमिशनचं कारण सांगितलं. चौथ्या वेळी त्यांनी मेसमध्येच गाठलं, तेव्हा म्हटलं, बरं, गाण्यांवर लिहितो. ते खूश झाले. गाण्यांवरचा लेख म्हणजे कुणाच्या भावना दुखावणार नाहीत, सरांनाही चालेल. पण मित्रांनो, हा लेख गाण्यांवर सुरू होऊन भलतीकडंच जाणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही सेकंड इयरला असताना हॉस्टेलवर जर्मनची साथ आली होती. कुणीतरी सांगितलं की तिकडं मास्टर्सला फी फारशी लागत नाही. झालं! ज्यांना मॅथ्स-थ्रीची केटी सुटत नव्हती तेसुद्धा शनिवार-रविवार वही घेऊन क्लासला जायला लागले. मीही गेलो. पहिल्या आठवड्यात नाव-गाव, दुसऱ्या आठवड्यात कुटुंब. मॅडमनी फळ्यावर व्यवसायांची यादी लिहिली. डॉक्टर, शिक्षक, इंजिनियर, शेतकरी, व्यापारी. मग एकेकाला उभं करून विचारायला लागल्या, "वडील काय करतात?" माझी पाळी आली तेव्हा मी यादीतला शेवटचा शब्द उचलला. गेशेफ्ट्समान. म्हणजे व्यापारी, धंदेवाला.

हॉस्टेलवर मी पहिल्या वर्षापासून हेच सांगत आलो होतो. "आमचा ट्रान्सपोर्टचा बिझनेस आहे, मिरजेला." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपोआप पाच-दहा गाड्या आणि एक एसी ऑफिस उभं राहायचं. मी ते पाडायचो नाही, एवढंच. वस्तुस्थिती अशी की आण्णा गेली चोवीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. सध्या दहा टायरची गाडी आहे. सांगली मार्केट यार्डातून हळद, तासगाव भागातून बेदाणा, असा माल भरायचा, वाशीला उतरायचा, रिटर्न भाडं मिळेल ते घ्यायचं आणि परत यायचं.

आता तो प्रसंग सांगतो, ज्यासाठी हा लेख लिहायला मला एवढा उशीर झाला.

आपलं कॉलेज हायवेच्या कडेला आहे हे तुम्हाला माहीत आहेच. त्याच हायवेवरून आण्णांची गाडी महिन्यातून चार-पाच वेळा जाते. जानेवारीतली गोष्ट. रात्री दहाच्या सुमाराला त्यांचा फोन आला, "गेटवर ये, पिशवी द्यायचीय." मी खाली गेलो, तर माझा रूममेटही मागून आला, त्याला चहा प्यायचा होता. गेटपाशी आण्णा उभे. खाकी पँट, स्वेटर, डोक्याला मफलर, पायात स्लिपर. मागं सर्व्हिस रोडला गाडी, तिच्यावर ताडपत्री, पार्किंगचे दिवे उघडझाप करतायत. रूममेटनं सहज विचारलं, "कोण रे?"

मी म्हणालो, "आमच्या गाडीवरचा ड्रायव्हर."

आण्णा दोन पावलांवर होते. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. रूममेटकडं बघून म्हणाले, "व्हय. मालकांनी पाठवलंय. पोराला द्या म्हनाले." पिशवी माझ्या हातात दिली, मफलर नीट केला आणि रस्ता ओलांडून गेले. पिशवीत भडंग होतं, दोन किलो द्राक्षं होती आणि कागदात गुंडाळलेल्या पाचशेच्या दोन नोटा होत्या. रूममेट म्हणाला, "तुमचा ड्रायव्हर भारी आहे यार, आमच्याकडचे असे नसतात."

दुसऱ्या दिवशी आण्णांचा फोन आला. वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "द्राक्षं आंबाट निघाली काय रं?" बस्स, एवढंच.

पुढच्याच रविवारी क्लासला मॅडमनी गाणी लावली. व्याकरणानं सगळे पेंगत होते म्हणून. पडद्यावर दाढीवाले, काऊबॉय टोप्या घातलेले, बूट घातलेले लोक गिटार घेऊन उभे. आम्हाला वाटलं अमेरिकन. तोंड उघडलं तर जर्मन! अख्खा वर्ग हसला. कोल्हापुरी फेटा बांधून कुणी इटालियन बोलावं तसं ते दिसत होतं. मॅडम म्हणाल्या, "हसून झालं की शब्द पकडा."

बँडचं नाव ट्रक स्टॉप. हॅम्बुर्गकडचे लोक, 1973 सालचा बँड. आधी इंग्रजीत गायचे, मग जर्मनकडं वळले. गाण्यात एक ट्रक ड्रायव्हर रात्री एकटा गाडी चालवतोय. त्याला रेडिओवर डेव्ह डडली ऐकायचाय. हा डेव्ह डडली म्हणजे अमेरिकेतला गायक, 1963 साली त्यानं घराकडं परत निघालेल्या ट्रक ड्रायव्हरवरचं एक गाणं गायलं आणि ते फार गाजलं. तर जर्मन ड्रायव्हरला तो ऐकायचाय, पण अमेरिकन सैन्याचं रेडिओ स्टेशन लांब राहिलंय, ते लागत नाहीये. एवढीच गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत अमेरिकन फौजा राहिल्या, त्यांच्यासाठी त्यांचं रेडिओ स्टेशन होतं. ते स्टेशन जर्मन पोरंही चोरून-मारून ऐकायची. त्यातून हे संगीत तिकडं रुजलं, असं मॅडमनी सांगितलं.

मग त्यांनी गुंटर गाब्रिएल नावाच्या गायकाची दोन गाणी लावली. एक 1973 चं, तीस टनी डिझेल गाडी चालवणाऱ्या गड्याचं. दुसरं 1974 चं, त्यात कामगार सरळ मालकाला म्हणतो की साहेब, मला पगार वाढवून पाहिजे. टोप्या अमेरिकेच्या, गिटार अमेरिकेची, पण गाडी, मालक, पगार, रस्ता सगळं घरचं. 1980 मध्ये याच ट्रक स्टॉपनं गाण्यातून सांगून टाकलं की रानटी पश्चिम म्हणजे वाइल्ड वेस्ट हवा असेल तर टेक्सासला कशाला जायचं, हॅम्बुर्ग संपलं की लगेच सुरू होतो!

मॅडमनी फळ्यावर नवीन शब्द लिहिला. फेर्नफारर. लिहायचा असा, म्हणताना शेवटचा र गिळायचा. फेर्न म्हणजे दूर. फारर म्हणजे गाडी चालवणारा. दूरवर गाडी नेणारा माणूस. मी तो शब्द वहीत लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत बसलो. एका देशानं या माणसावर गाणी केली, टीव्हीवर गायली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला त्याच माणसासाठी यादीतला एक खरा शब्द सापडला नव्हता.

आता इथं लेख भावुक होण्याच्या बेतात आहे, म्हणून थोडी माहिती देतो. तेवढीच मार्कांना बरी.

त्या रात्री अभ्यास सोडून मी या कंट्री म्युझिकच्या मागं लागलो. ज्याला आपण एकदम 'गोऱ्या अमेरिकन लोकांचं' समजतो त्यातला एकेक सुटा भाग कुठून कुठून आलाय! फिडल आयर्लंड-स्कॉटलंडकडून आलेल्या लोकांची. घशातून आवाज उलटापालटा करायची जी लकब आहे, योडेलिंग, ती आल्प्सच्या डोंगरातली, म्हणजे जर्मन बोलणाऱ्यांच्याच शेजारची. बँजो तर आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी तिथं घडवला, आणि त्याचं सुरुवातीचं रूप भोपळ्याचं होतं. भोपळा म्हटल्यावर मिरजेचा माणूस कान टवकारणारच. आमच्याकडं सतार आणि तंबोऱ्याला जो भोपळा लागतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतो. आमचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस संपले तसे एकोणिसाव्या शतकात त्यांनी तंतुवाद्यं हातात घेतली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं मोठं नाव. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. ज्या हातांनी तलवार घासली त्याच हातांनी पुढं तारा ओढल्या. काम बदललं, हात तेच.

आणि कंट्रीचा पहिला मोठा स्टार कोण? जिमी रॉजर्स. तो रेल्वेत ब्रेक्समन होता. मिरज जंक्शनच्या माणसाला हेही ऐकून बरं वाटलं. आमच्या जंक्शनवर एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि लातूरकडं जाणारी नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या होत्या. 2016 च्या उन्हाळ्यात तहानलेल्या लातूरला पाणी घेऊन गेलेली गाडीही मिरजेचीच. त्यावर कुणी गाणं केलं की नाही कोण जाणे, करायला पाहिजे होतं.

पण सगळ्यात गंमत बेंजोची. तुम्ही म्हणाल, बँजो आणि बेंजो एकच. बिलकुल नाही! आमचे काका एमआयडीसीत वेल्डर आहेत आणि गणपतीत, लग्नसराईत बेंजो पार्टीत वाजवतात. त्यांच्या वाद्याला टाइपरायटरसारखी बटणं असतात, डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या, आवाज थेट लाउडस्पीकरला. याचा अमेरिकेच्या बँजोशी नावापुरता संबंध. मूळ वाद्य जपानचं, 1912 साली नागोयात तयार झालेलं. आपल्याकडं ते आलं, कुणी बुलबुल तरंग म्हणालं, कुणी बेंजो. म्हणजे नाव अमेरिकेचं, अंग जपानचं आणि चाल लावणीची. काकांना मी हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "आसंल. पन मिरवनुकीत नाचत्यात ती पोरं कुटली हाईत? मिरजंची न्हवं?" जर्मन टोपीवाल्यांवर हसणाऱ्या आमच्या वर्गाला हे उत्तर पुरेसं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो. तिसऱ्या दिवशी आण्णांना म्हटलं, "वाशीला जाताय ना, मी येतो गाडीवर." आई म्हणाली, "कशाला, झोप नाही काय नाही." आण्णा काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी निघताना मात्र किन्नरच्या सीटवर धुतलेली चादर घातलेली दिसली.

मार्केट यार्डात हळदीची साडेतीनशे पोती भरून झाली होती. आण्णांनी ताडपत्री ओढली, दोर आवळले, टॉमीनं प्रत्येक टायर ठोकून आवाज ऐकला. दहाच्या दहा. मी विचारलं, "आवाजावरनं कळतं?" म्हणाले, "हवा कमी आसली की बद्द वाजतंय. तंबोरा लावत्यात तसंच की." केबिनमध्ये समोर गणपती, त्याच्या शेजारी मीरासाहेबांच्या दर्ग्याचा फोटो. खाली डॅशबोर्डवर पेन ड्राइव्ह. पूर्वी तिथं कॅसेट असायच्या. प्रल्हाद शिंदे असायचे, आणि काळू-बाळूचा वग. आमच्या मिरज तालुक्यातल्या कवलापूरचे हे जुळे भाऊ, 'जहरी प्याला'तले हवालदार. मी लहान असताना आण्णा त्यांची नक्कल करून आईला हसवायचे.

पेठ नाका मागं पडला. कराडच्या आधी एके ठिकाणी आण्णांनी डावीकडं हात केला. "हिकडं आत वाटेगाव. अण्णा भाऊंचं." अण्णा भाऊ साठे, जन्म 1 ऑगस्ट 1920. पोरवयात घरच्यांबरोबर इथून पायी मुंबईला गेले. कोळसा वाहिला, हमाली केली, गिरणीत राबले. 1944 साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लालबावटा कलापथक काढलं. तमाशात सुरुवातीला गणपतीचा गण असतो, त्यांनी तिथं मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि राबणाऱ्या माणसांना वंदन आणलं. सांगाडा जुनाच, तमाशाचा. आतला माणूस नवीन, गिरणीतला. हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड आपल्या सगळ्यांना माहीत असते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली. मैनेला सोडून मुंबईला आलेल्या कामगाराची गोष्ट सांगता सांगता ती राज्याबाहेर राहिलेल्या मराठी मुलखापर्यंत जाते.

आण्णांना तो मुलखाचा भाग पाठ नाही. त्यांना गाव सोडतानाचा भाग पाठ आहे. त्या रात्री साताऱ्याच्या अलीकडं ते गुणगुणायला लागले. आवाज बेसूर नाही, पण डिझेलच्या आवाजात अर्धा विरघळलेला. मधेच थांबले, मोबाइल बघितला. नऊ वाजले होते. आईला फोन लावला. "जेवलीस? गॅस बंद केलास? पोरगं हाय संगट, झोपलं न्हाई अजून." चोवीस वर्षांचा नेम आहे त्यांचा. मोबाइल नव्हते तेव्हा ढाब्यावरच्या एसटीडीवरून शेजारच्यांकडं फोन यायचा, आणि आई पळत जायची. ती छक्कड आमच्या घरात रोज रात्री नऊ वाजता चालू असते, हे मला तेव्हा कळलं.

मग मी त्यांना जर्मन ड्रायव्हरच्या गाण्याची गोष्ट सांगितली. रेडिओ लागत नाही ती. ते म्हणाले, "घाटात आमाला बी लागत न्हाई." तीस टनी डिझेलचं सांगितलं. त्यांनी लगेच हिशेब केला. "आपली दहा टायर. आधी पंचवीस टन पास हुती गाडीसकट, 2018 पास्नं साडेअठ्ठावीस झाली. म्हंजे दीड टनानं कमी पडलो बघ जर्मनाला." मालकाला पगारवाढ मागणाऱ्या गाण्याचं सांगितलं तेव्हा मात्र खूप हसले. "आसलं गानं आमच्या मालकाम्होरं म्हना म्हनावं एकदा!"

खंबाटकीचा बोगदा गेला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मी म्हणालो, "आण्णा, त्या दिवशी गेटवर..."

"कवा?"

"जानेवारीत. द्राक्षं घेऊन आला होता तेव्हा."

त्यांनी गियर बदलला. पुढं एक उसाची ट्रॉली बिनलाइटची चालली होती, तिला सांभाळून काढली. मग म्हणाले, "आरं, ड्रायव्हरच हाय की मी. तू खोटं कुटं बोललास?"

मी बाहेर बघत राहिलो. खोटं मी एका शब्दाचं बोललो होतो. 'माझे वडील' हे दोन शब्द गाळून तिथं 'आमच्या गाडीवरचा' हे घातलं होतं. त्यांनी ते ओळखलं होतं, आणि मला वाचवायला स्वतःच खोटं बोलले होते. मालकांनी पाठवलंय म्हणून. त्या दिवशी खोटं बोलणाऱ्या दोघांत वडील कोण होते हे गेटवर कुणालाही कळायला हवं होतं.

पहाटे वाशीच्या मसाला मार्केटबाहेर गाड्यांची रांग लागली होती. आण्णा स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपले. मी जागा होतो. शेजारच्या गाडीत कुणीतरी कन्नड गाणं लावलं होतं, पलीकडच्या गाडीत भोजपुरी. शब्द कळत नव्हते. पण दोन्हीकडं कुणीतरी घरापासून लांब आहे आणि घराकडं बोलतंय, एवढं कळत होतं. मला वाटतं गाणं कुठून आलं, वाद्य कुणाचं, टोपी कुणाची, हे प्रश्न आपल्याला स्पर्धेत भाषण करायला बरे. ज्याचं काम त्या गाण्यात आलं, त्याचं ते झालं. हॅम्बुर्गच्या ड्रायव्हरला डेव्ह डडली आपला वाटला, कारण त्यालाही रात्र काढायची होती. आणि ज्याचं काम कुणी तोंडानं नावानिशी सांगतच नाही, त्याचं काय? त्याचं गाणं कुठून होणार!

फेब्रुवारीत जर्मनची तोंडी परीक्षा झाली. समोर दोघी परीक्षक. नाव, गाव, छंद. मग ठरलेला प्रश्न आलाच, वडील काय करतात? मी म्हणालो, "माइन फाटर इस्ट फेर्नफारर." शेवटचा र बरोबर गिळला. त्यातल्या एकीनं मान वर करून बघितलं, कारण तो शब्द पहिल्या पुस्तकाच्या यादीत नसतो. मग तिनं विचारलं, कुठून कुठपर्यंत? मी सांगितलं, मिरज ते मुंबई. काय नेतात? हळदीला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला आठवेना. मी 'पिवळं' म्हणालो आणि हातानं पोतं दाखवलं. दोघी हसल्या. पास झालो.

जर्मनीला जाणं होईल की नाही माहीत नाही. सध्या तरी सेव्हन्थ सेमचं जर्नल पूर्ण होणं महत्त्वाचं आहे. पण परक्या भाषेत, अनोळखी बायांसमोर खरं बोलणं सोपं होतं. मराठीत, आपल्या हॉस्टेलमध्ये, ते अजून बाकी होतं. म्हणून हा लेख.

माझा रूममेट हे वाचेल तेव्हा बहुतेक माझ्या समोरच्याच कॉटवर असेल. तर भावा, त्या रात्री तू ज्याला भारी म्हणालास तो आमच्या गाडीवरचा ड्रायव्हर नव्हता. गाडी आमची नाही. ड्रायव्हर आमचे आहेत.

शुक्रवारी रात्री ते इथून जाणार आहेत. दहाच्या सुमाराला. चहा प्यायला खाली येशील तर ओळख करून देतो.